आधी भाकरी, मग फळा

१९१५ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात पोरगं चौथी पास झालं आणि 'हुशार आहे, पुढं शिकवा' असं गुरुजींनी बापाला सांगितलं, की घरात आनंदापेक्षा पेचच जास्त पडे. पुढची शाळा तालुक्याला, नाहीतर जिल्ह्याला. रोज चालत जाऊन यावं इतकी ती जवळ नसे. फी एक वेळ शेळी विकून भरता आली असती, पण पोरगं राहणार कुठं आणि खाणार काय? गरीब ब्राह्मणाच्या मुलासाठी याचं एक जुनं उत्तर तयार होतं. शहरात माधुकरी मागायची किंवा सात घरी वार लावून जेवायचं. त्यात हाल होते, अपमान होते, तरी दोन घास मिळत आणि शिक्षण पुरं होई. कुणब्याच्या, धनगराच्या, रामोशाच्या पोराला वार लावून देणारी घरं शहरात नव्हती. महाराच्या किंवा मांगाच्या पोराला तर भाड्यानं खोलीही मिळत नसे.

महाराष्ट्रातल्या खासगी शिक्षणसंस्थांचा इतिहास आपण बहुधा पुण्यापासून सांगतो. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. या मंडळींनी अल्प वेतनावर आयुष्यं वाहिली, त्यांचं मोठेपण कमी लेखण्याचं कारण नाही. पण या सगळ्या आखणीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. मुलगा शहरात आहे आणि संध्याकाळी त्याला घर आहे, ही ती गोष्ट. ज्याला शहरात घरच नव्हतं, त्याच्यासाठी उभी राहिलेली संस्था म्हणजे रयत शिक्षण संस्था. आज तिच्या सातशेहून अधिक शाखा आहेत आणि चार लाखांहून अधिक मुलं-मुली तिथं शिकतात. एवढा पसारा उभा राहिला तो चुलीपासून, हे मात्र तिच्याच शाळांत शिकलेल्या अनेकांना ठाऊक नसतं.

तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. घराणं जैन शेतकऱ्याचं, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीला होते. भाऊराव अभ्यासात चमकले नाहीत, शालेय शिक्षणही पुरं झालं नाही. पण कोल्हापुरात राजाराम हायस्कुलात असताना त्यांनी जे पाहिलं ते कुठल्याही पदवीपेक्षा उपयोगी ठरलं. त्या काळचं कोल्हापूर म्हणजे वसतिगृहांचं शहर. शाहू महाराजांनी आधी, १८९६ मध्ये, सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं होतं. काही वर्षांतच तिथं जवळजवळ सगळी मुलं ब्राह्मणांचीच राहिली. तेव्हा महाराजांनी वाट बदलली. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. जातवार वसतिगृहं काढणं ही तडजोड होती आणि महाराजांना ती कळत होती. पण त्या तडजोडीमुळे शेकडो मुलांना शहरात हक्काचं छप्पर मिळालं.

भाऊराव राहत होते जैन बोर्डिंगात. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं, तेव्हा त्या समारंभाला ते गेले. परतल्यावर विटाळ झाला म्हणून आंघोळ करून आत या, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला. बोर्डिंग सुटलं. सोवळं पाळणाऱ्या वसतिगृहातून बाहेर काढलेला हा मुलगा पुढं आयुष्यभर वसतिगृहंच काढत राहिला, आणि त्यातल्या एकाही वसतिगृहात त्यानं जातवार पंगत बसू दिली नाही.

मध्ये बराच काळ गेला. भाऊरावांनी ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी काम केलं, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरले, साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यातही होते. चरित्रकार हा काळ उपजीविकेच्या प्रकरणात आटोपून टाकतात. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. नांगर विकणारा माणूस शेतकऱ्याच्या ओसरीवर बसतो, उधारी कधी वसूल होते ते त्याला कळतं, गावात शब्द कुणाचा चालतो आणि कोण नुसता बोलघेवडा आहे हेही कळतं. पुढं संस्थेसाठी जमिनी, धान्य आणि मुलं गोळा करताना भाऊरावांना हा गावांचा नकाशा तोंडपाठ होता. देणगीसाठी शेटजीपुढं वाकावं तशी त्यांना गावापुढं वाकायची गरज पडली नाही. ते हक्कानं मागत.

दुधगावात मित्रांबरोबर काढलेल्या विद्यार्थी आश्रमात, १९१० च्या आसपास, या प्रयोगाची पहिली चाचणी झाली होती. मग १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली. तिथं ठराव झाला आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. काल्यात वसतिगृह निघालं, नेर्ल्यात निघालं. १९२४ मध्ये संस्थेचं ठाणं साताऱ्याला हललं आणि तिथलं वसतिगृह पुढं धनिणीच्या बागेत आलं. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं: श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. ज्या राजाच्या शहरात हा माणूस वसतिगृहाचा धडा शिकला, त्याचं नाव पाटीवर आलं.

या बोर्डिंगाचा दिवस कसा जाई ते पाहण्यासारखं आहे. स्वयंपाकाला आचारी नाही, पाणी भरायला गडी नाही. दळण, पाणी, सरपण, भाकऱ्या, भांडी, झाडलोट या सगळ्या कामांच्या पाळ्या मुलांतच लागत. आज ज्याची पाळी भाकरीची, त्याच्या हातची भाकरी सगळ्यांनी खायची. मग तो मराठा असो, महार असो, मुसलमान असो की ब्राह्मण. १९२० च्या दशकातल्या साताऱ्यात ही गोष्ट भाषणांच्या शंभर सभांपेक्षा स्फोटक होती. सहभोजनाचा एखादा कार्यक्रम करून, फोटो काढून घरी जाणं वेगळं; रोज दोन वेळा, वर्षानुवर्षं, महाराच्या पोरानं थापलेली भाकरी पाटलाच्या पोरानं खाणं वेगळं. सुटीत ही मुलं गावी जात तेव्हा आयांना प्रश्न पडत असतील. पण मुलगा शिकत होता आणि फुकट शिकत होता, त्यामुळे बहुतेक घरांनी फार खोलात न शिरण्याचं शहाणपण दाखवलं.

पैसा कुठून यायचा? काही संस्थानिकांकडून, काही उदार व्यापाऱ्यांकडून, गांधीजींच्या शब्दावर हरिजन सेवक संघाकडून. पण रोजचा शिधा यायचा तो गावातून. सुगीत खळ्यावर जाऊन धान्य मागायचं. बायकांनी दळायला बसताना एक मूठ बाजूला काढायची, तो मुष्टिफंड. आणि हे सगळं कमी पडलं की घर. लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी, सनातनी वळणाच्या घरात वाढलेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात नाना जातींची मुलं येऊ लागली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. तरी त्यांनी ती मुलं आपली मानली. एकेक करून दागिने मोडले. भाऊराव बाहेरगावी असताना बोर्डिंगात दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेच्या समारंभांत हा प्रसंग दरवर्षी सांगितला जातो आणि सांगताना वक्त्याचा कंठ दाटतो. पण संस्थेच्या पहिल्या दशकातली सर्वांत मोठी देणगीदार एक निरक्षर म्हणावी अशी गृहिणी होती, असं सरळ हिशेबाच्या भाषेत कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

१९३२ च्या पुणे करारानंतर पुण्यात युनियन बोर्डिंग निघालं. तोवर भाऊरावांच्या लक्षात दुसरी अडचण आली होती. मुलाला छप्पर मिळालं, भाकरी मिळाली, पण खेड्यातली शाळा चालवायला मास्तर कुठं होता? महात्मा फुल्यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढं हे गाऱ्हाणं मांडलं होतं. शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवायला त्यांच्यात मिसळणारे, नांगर धरता येणारे, शेतकरी वर्गातलेच शिक्षक तयार करा, अशी त्यांची मागणी होती. सरकारनं ती ऐकून घेतली आणि कागदात ठेवली. भाऊरावांनी अर्धशतकानंतर ती अमलात आणली. १९३५ मध्ये, संस्थेची रीतसर नोंदणी झाली त्याच वर्षी, साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघालं. नाव इंग्लंडच्या राजाच्या रौप्यमहोत्सवाचं आणि काम फुल्यांच्या मागणीचं. नाव द्यायला काय जातं, असा हिशेब असावा. पुढं ते महात्मा फुल्यांच्या नावानंच ओळखलं जाऊ लागलं.

आता क्रम नीट पाहा. आधी वसतिगृह, मग शिक्षकांची शाळा, आणि मुलांच्या शाळा त्यानंतर. आजच्या भाषेत बोलायचं तर धंदा वाढवण्याआधी मनुष्यबळ तयार करून ठेवलं. त्याचा फायदा १९३८ मध्ये झाला. मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं होतं. जिथं शाळा नाही तिथं खासगी संस्थेनं प्राथमिक शाळा काढावी, सरकार अनुदान देईल, अशी व्हॉलंटरी शाळांची योजना निघाली. बाकीच्या संस्था विचार करत बसल्या. रयतेकडे खेड्यात राहायला तयार असलेले, तिथंच जन्मलेले, शिकून तयार झालेले मास्तर होते. साताऱ्याच्या डोक्यावर यवतेश्वराचा डोंगर आहे. पहिली शाळा तिथल्या गावात निघाली. मग देवळात, चावडीत, धर्मशाळेत, कुणाच्या गोठ्याच्या पडवीत शाळा भरू लागल्या. बघता बघता त्यांची संख्या ५७८ झाली.

आणि मग संस्थेनं त्या सोडून दिल्या. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक शिक्षण ही सरकारची जबाबदारी ठरली, तेव्हा या सगळ्या शाळा स्कूल बोर्डाकडे गेल्या. आज सातारा जिल्हा परिषदेची शाळा म्हणून जिची पाटी आपण वाचतो, तिची सुरुवात एखाद्या रयत सेवकानं देवळाच्या ओवरीत केलेली असू शकते. शिक्षणसंस्था शाळा मिळवतात, विकत घेतात, कोर्टात भांडून राखतात. एवढ्या शाळा हातावेगळ्या करणारी दुसरी संस्था शोधून सापडायची नाही. काम सरकारनं उचललं, आता आपण पुढच्या इयत्तेकडे वळू, इतका सरळ विचार त्यामागं होता.

पुढची इयत्ता म्हणजे हायस्कूल. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. 'कमवा आणि शिका' हे शब्द महाराष्ट्राला पाठ झाले ते इथून. मुलगा सकाळ-संध्याकाळ संस्थेच्या शेतावर, बांधकामावर काम करी आणि त्याच्या बदल्यात त्याचं राहणं, जेवण आणि शिक्षण होई. १९४७ च्या जूनमध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं, तेही याच तत्त्वावर. खडकाळ माळ मुलांनी फोडला, विहिरी खणल्या, इमारतींना दगड वाहिले. एका धनिकानं मोठी रक्कम देऊ केली आणि त्या बदल्यात शिवाजी महाराजांचं नाव काढून आपलं द्या म्हणून सुचवलं, अशी गोष्ट सांगतात. भाऊरावांनी दिलेलं उत्तर साताऱ्यात पोराटोरांना ठाऊक आहे: एक वेळ बापाचं नाव बदलीन, हे बदलणार नाही. आज देणगीदाराचं नाव शाळेला देण्याची रीत सर्रास आहे, रयतेतही आहे. त्यात गैर काही नाही, पण ही गोष्ट सांगताना पाटीकडे एकदा बघून घ्यावं.

गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या नावे १०१ हायस्कुलं काढण्याचा संकल्प सोडला. पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव 'महात्मा गांधी विद्यालय' दिसतं ते त्यातूनच. गंमत अशी, गंमत कसली, दैवदुर्विलास असा, की त्याच १९४८ मध्ये मुंबई सरकारनं संस्थेचं अनुदान बंद केलं. सरकारवर जाहीर टीका केल्याचा ठपका भाऊरावांवर होता. मंत्रिमंडळ बाळासाहेब खेरांचं, म्हणजे शिक्षणाबद्दल आस्था असलेल्या सज्जन माणसाचं. तरी हे घडलं. शेकडो शिक्षकांचे पगार अडले. लोकांनी वर्गण्या काढल्या, रयत सेवकांनी पगाराविना शाळा चालवल्या. गाडगेबाबांनी कीर्तनांतून आणि मंत्र्यांच्या दारात जाऊन शब्द टाकला. अखेर अनुदान सुरू झालं. १९५४ मध्ये कराडला कॉलेज निघालं तेव्हा त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं गेलं ते उगाच नव्हे.

या प्रसंगानं एक गोष्ट उघडी पडली. लोकांच्या मुठीवर वसतिगृह चालतं, शेकडो शाळा चालत नाहीत. त्या सरकारी पगारावरच चालतात. महाराष्ट्रातल्या सगळ्याच मोठ्या अनुदानित संस्थांचं हे मर्म आहे. जागा गावानं द्यायची, इमारत वर्गणीतून आणि श्रमदानातून उभी करायची, पगार सरकारनं द्यायचा आणि कारभार संस्थेनं बघायचा. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना फी माफ झाली, तेव्हा या यंत्राला खरी गती आली. ईबीसीची ही सवलत नसती तर रयतेचे वर्ग भरले नसते, आणि रयतेसारख्या संस्था खेड्यात नसत्या तर सवलत घ्यायला मुलं कुठल्या शाळेत गेली असती?

हा बहर भाऊरावांना फारसा पाहायला मिळाला नाही. १९५९ च्या जानेवारीत पद्मभूषण, एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाची डी. लिट., आणि ९ मे रोजी मृत्यू. अनवाणी पाय, पांढरी दाढी, खादीचे जाडेभरडे कपडे, हातात काठी, ही त्यांची मूर्ती आज प्रत्येक शाखेच्या आवारात आहे. ते गेले तेव्हा संस्थेकडे शंभरावर माध्यमिक शाळा, तीन महाविद्यालयं आणि तीसहून अधिक वसतिगृहं होती.

त्यांच्यामागं संस्था मोडली नाही. एका माणसाच्या तेजावर चालणाऱ्या किती संस्था त्याच्या तेराव्याबरोबर संपल्या! रयत टिकली याचं श्रेय तिच्या रचनेला द्यावं लागेल. शाळा कुठलीही असो, शिक्षकाची नेमणूक संस्थेची. साताऱ्याचा माणूस बदलीवर अहिल्यानगरला जातो, तिथला रायगडात येतो. त्यामुळे एखाद्या गावच्या पुढाऱ्याला आपल्या गावातली शाळा खिशात घालणं अवघड जातं. डेक्कनच्या धर्तीवर आजीव सदस्य, सातारा, सांगली, अहिल्यानगर, पुणे, रायगड असे विभाग, सेवकांची स्वतःची सहकारी बँक. लग्नाच्या बैठकीत 'मुलगा रयतमध्ये आहे' एवढं सांगितलं की मुलीकडचे पुढचे प्रश्न कमी विचारत, असा एक काळ होता. संस्थेचेच विद्यार्थी असलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एन. डी. पाटलांसारखा तत्त्वाला चिकट माणूस संस्थेचा चेअरमन होता. अध्यक्षपद मात्र बऱ्याच वर्षांपासून शरद पवारांकडे आहे, आणि राजकारण व शिक्षणसंस्था यांचं पश्चिम महाराष्ट्रातलं साटंलोटं ज्याला ठाऊक आहे, त्याला याचे फायदे-तोटे वेगळे सांगायला नकोत. एवढं म्हणता येईल की रयत कुणा एका घराण्याची मालमत्ता झालेली नाही. १९८३ मध्ये विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाल्यावर 'शिक्षणसम्राट' नावाची जी जात निपजली, तिच्या शेजारी ठेवून पाहिलं की ही गोष्ट लहान वाटत नाही.

आज संस्थेच्या चारशेहून अधिक माध्यमिक शाळा आहेत, चाळीसहून अधिक महाविद्यालयं आहेत. साताऱ्यातल्या तिच्या तीन महाविद्यालयांचं मिळून कर्मवीरांच्या नावाचं समूह विद्यापीठही झालं आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या, कारण पालक तिकडे चालले होते. शिक्षकभरती वर्षानुवर्षं रखडली, पट घटले, ही रडकथा सगळ्याच अनुदानित शाळांची आहे.

वसतिगृहं मात्र नव्वदच्या आसपासच आहेत. कर्मवीर गेले तेव्हा दर तीन शाळांमागं एक वसतिगृह होतं, आता चार-पाच शाळांमागं एक पडतं. याबद्दल लगेच संस्थेला बोल लावू नये. शाळाच गावाच्या जवळ आली, एसटी आली, खेड्यातल्या मुलींना मोफत पास मिळाला, सरकारची वसतिगृहं आणि आश्रमशाळा निघाल्या. ज्या मुलासाठी बोर्डिंग काढलं होतं, तो मुलगा आता रोज संध्याकाळी घरी जेवतो.

पण ज्याला घर नाही तो मुलगा संपलेला नाही. साखर कारखान्याचं बॉयलर पेटलं की बीड, धाराशिवकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या सातारा-सांगली-कोल्हापुरात उतरतात आणि कोयत्याबरोबर पोरंही येतात. सहा महिने कोपीत राहायचं, उन्हाळ्यात गावी परतायचं, आणि दोन्हीकडच्या हजेरीपटावरून नाव गळायचं. गावी आजी-आजोबांपाशी ठेवावं तर त्यांनाच बघायला कुणी नसतं. सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना काढली आहे, पण मुलं पाहता ती तोकडी आहे. या पोरांना शाळा जवळ आहे, फी माफ आहे, पुस्तकं फुकट आहेत. त्यांना नाही ते छप्पर आणि दोन वेळची भाकरी, म्हणजे १९१९ मध्ये काल्यात जे नव्हतं तेच.

रयतेच्या शाळांतून शिकून गेलेले लाखो लोक आज पुण्या-मुंबईत, परदेशांत आहेत. त्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, स्नेहमेळावे होतात, शाळेला कमान द्यायची की रंगमंच, यावर चर्चा झडतात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर पुढच्या मेळाव्यात कमानीचा विषय बाजूला ठेवा आणि मुख्याध्यापकांना विचारा, गाळपाच्या हंगामात दहा-वीस मुलं ठेवून घ्यायची झाली तर वर्षाला खर्च किती येईल. आकडा कमानीपेक्षा फार मोठा निघणार नाही.